पदवीचा प्रवेश आणि वर्षाचं नियोजन : मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक संकेतस्थळावर लागतं. घरचं वेळापत्रक कुठंच लागत नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ असतं: मृगात पेरणी, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, दिवाळीपासून कापूस आणि ऊसतोड. मराठवाड्यात मुलांचं वर्ष वाया जातं ते बहुतेक वेळा या दोन वेळापत्रकांची टक्कर झाल्यामुळं. अभ्यास अवघड होता म्हणून वाया गेल्याची उदाहरणं त्या मानानं कमी. खालची उत्तरं वाचताना दोन्ही वेळापत्रकं समोर ठेवा.

माझं गाव कोणत्या विद्यापीठात येतं?

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ 1958 साली सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली इथली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं आहेत. ते 1994 साली वेगळं झालं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ निराळं, त्याचे पदवी प्रवेश सीईटीतून, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात.

तुमचं गाव कुठं आहे याला प्रवेशासाठी फारसं महत्त्व नाही, तुम्ही कोणतं महाविद्यालय निवडता त्यावर विद्यापीठ ठरतं. लातूरची मुलगी संभाजीनगरला खुशाल शिकू शकते. मात्र पदवी एका विद्यापीठातून आणि पदव्युत्तर दुसऱ्यातून करायचं असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता अर्ज लागतो. बारावी सीबीएसईची असेल तर हा कागद पहिल्याच वर्षी मागतात.

अर्ज विद्यापीठात करायचा की कॉलेजात?

साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असेल तर कॉलेजात. नोंदणी ऑनलाइन झाली तरी कागद तपासणं, शुल्क भरणं आणि प्रवेश पक्का करणं कॉलेजच्या कार्यालयातच होतं. अभियांत्रिकी, फार्मसी, पाच वर्षांचं विधी, बी.एड. हे राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. बीबीए आणि बीसीएलाही 2024 पासून सीईटी आली आहे. हे ठाऊक नसल्यानं मुलं निकालानंतर बीसीएचा फॉर्म मागायला येतात आणि तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते. एम.ए., एम.एस्सी.साठी विद्यापीठ परिसरातल्या विभागांची प्रक्रिया वेगळी असते, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

कोणकोणते कागद लागतात, आणि ते कधी काढायचे?

दहावी-बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला (आपण त्याला टी.सी. म्हणतो), आधार, फोटो, बँक पासबुक. हे सगळ्यांना. राखीव जागेसाठी जातीचा दाखला. ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) यांना त्याशिवाय नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र; अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांना ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र. शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेतून जायचं असेल तर जात वैधता, म्हणजे पडताळणी समितीनं जातीचा दाखला खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र.

कधी काढायचे, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही आणि सगळी अडचण तिथंच होते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आर्थिक वर्षाच्या हिशेबानं चालतात, 31 मार्चला त्यांची मुदत संपते. फेब्रुवारीत काढलेला एका वर्षाचा दाखला जूनमध्ये कामाचा राहत नाही. म्हणून बारावीचा शेवटचा पेपर झाला की एप्रिलमध्येच सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर अर्ज टाकायचा. निकालानंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते, सर्व्हर बंद असतो, तलाठी पंचनाम्याला गेलेला असतो. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे. पावती जपून ठेवा. मुदत टळली तर अपील करता येतं, आणि नुसतं अपिलाचं नाव काढलं तरी बऱ्याचदा फाइल हलते.

दोन गैरसमज. एक, नॉन-क्रीमीलेअरसाठी 8 लाखांची मर्यादा मोजताना शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळं 'आपली जमीन जास्त आहे, आपल्याला मिळणार नाही' असं गृहीत धरून घरी बसू नका. दोन, अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. स्टॅम्पपेपर आणा म्हणणारा दलाल भेटला तर तो आदेश 2004 पासून आहे एवढं सांगा.

जात पडताळणीत जुना पुरावा मागतात. आमच्याकडं काहीच नाही. काय करायचं?

काहीच नाही असं क्वचित असतं. शोधायचं कुठं ते माहीत नसतं.

अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीची नोंद सगळ्यांत वजनदार. आजोबा, चुलत आजोबा, आत्या, यांच्यापैकी जो कुणी शाळेत गेला असेल त्याच्या शाळेतल्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा हा पहिला पुरावा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांचे भाऊ बघा, भावकी बघा आणि नातं दाखवणारी वंशावळ शपथपत्रावर करा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळं जुने महसुली कागद उर्दूत आहेत, काही मोडीत. तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. त्यांची नक्कल अर्ज करून मिळते, पण वाचणार कोण? गावात उर्दू शाळेचे निवृत्त मास्तर असतील तर आधी त्यांच्याकडून वाचून घ्या, मग अधिकृत भाषांतर करा. सप्टेंबर 2025 मध्ये शासनानं हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे कुणबी नोंदींबाबत निर्णय काढल्यापासून या कक्षांत गर्दी वाढली आहे. तुमचा प्रवर्ग कोणताही असो, अकरावीतच हे काम सुरू करा. बारावी विज्ञानच्या मुलांनी तर कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडं अर्ज टाकूनच द्यावा, नंतर अभियांत्रिकीला जायचं नाही ठरलं तरी तो कागद जन्मभर उपयोगी पडतो.

लातूरला राहून 'नीट' (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) रिपीट केली. नंबर लागला नाही. आता बी.एस्सी.ला घेतील का?

घेतात. एका वर्षाच्या खंडासाठी शपथपत्र द्यावं लागतं: या काळात कुठंही प्रवेश घेतला नव्हता, एवढाच त्याचा मजकूर. टी.सी. क्लासकडं किंवा 'नावापुरत्या' कॉलेजकडं अडकली असेल तर आधी ती सोडवा.

यात थोडं मोकळं बोलतो. दोनदा नीट देऊन आलेल्या मुलाला बी.एस्सी.चं पहिलं सत्र सोपं जातं, म्हणून तो वर्गात बसत नाही आणि तिसऱ्यांदा नीटचा अभ्यास करतो. दोन्ही हातचं जातं. तिसरा प्रयत्न करायचाच असेल तर घरच्यांना सांगून, उघडपणे करा. नाही तर प्रवेश घेतल्याच्या दिवसापासून बी.एस्सी. हीच आपली पदवी समजा. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र यांना पुढं वाटा आहेत, आणि नीटसाठी केलेलं जीवशास्त्र तिथं कामालाच येतं.

प्रवेश जूनमध्ये आणि तेव्हाच बी-बियाणं. पैसे कुठून आणायचे?

प्रवेशाच्या आधी प्राचार्यांना हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्या. अनुदानित महाविद्यालयात साध्या पदवीचं शुल्क त्या मानानं कमी असतं आणि बहुतेक ठिकाणी हप्ते मिळतात, पण तोंडी मागणी कार्यालय विसरून जातं. शिष्यवृत्तीला पात्र असणाऱ्या मुलाकडून पूर्ण शुल्क आधी भरून घ्यायचं कारण नाही. पदवीला 'विनाअनुदानित तुकडी' असेल तर आकडा एकदम बदलतो, तेव्हा तुकडी कोणती ते आधी विचारा. मुलींनी व्यावसायिक अभ्यासक्रमाला सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल, तर 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गात 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे.

दुसरीकडं नंबर लागला म्हणून प्रवेश रद्द केला तर मूळ कागद अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा तसा स्पष्ट नियम आहे, शुल्क परताव्याचाही आहे. जितक्या लवकर रद्द कराल तितका परतावा जास्त.

मेजर, मायनर, क्रेडिट... हे काय आहे एकदा नीट सांगा.

नवीन शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झालं. थोरल्या भावाच्या नोट्स आणि त्याचे सल्ले यामुळं निम्मे निकामी झाले.

मेजर म्हणजे ज्या विषयात पदवी मिळणार तो. मायनर म्हणजे जोडीचा. याशिवाय दुसऱ्या विद्याशाखेतला खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, आणि एनएसएस-एनसीसी-क्रीडा यांसारखे सहअभ्यासक्रम. पुढच्या वर्षांत क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. दर सत्राला साधारण 20 ते 22 क्रेडिट होतात. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात 15 तास वर्गाचे, प्रात्यक्षिकाचे असतील तर 30. म्हणजे आठवड्याला वीसेक तास तरी वर्गात बसणं गृहीत आहे. घरचा अभ्यास वेगळा.

तीन वर्षांत 120 ते 132 क्रेडिट झाले की पदवी. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, मग पदव्युत्तर एका वर्षात होतं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. मध्येच सोडावं लागलं तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका मिळते, त्यासाठी 4 जादा क्रेडिटचं कौशल्याचं काम करावं लागतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं. ही सोय उसासाठी बाहेर जाणाऱ्या घरांतल्या मुलांना, बाळंतपणानं शिक्षण थांबलेल्या मुलींना खरोखर उपयोगी आहे. दुर्दैवानं त्यांनाच ती कुणी सांगत नाही.

विषय निवडताना 'कोणत्या सरांचे इंटर्नल सुटतात' हा निकष मुलं लावतात. मी उलटं सुचवेन: मेजर तुमच्या आवडीचं घ्या आणि खुला ऐच्छिक विषय पोटापाण्याचा घ्या. मराठी मेजर घेणाऱ्यानं संगणक किंवा हिशेबाचा विषय घ्यावा, रसायनवाल्यानं विपणनाचा. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची जागाही आधी हेरून ठेवा. वाळूज-शेंद्र्याचे कारखाने, जालन्याचे बियाणे आणि पोलाद उद्योग, लातूरच्या डाळ मिल, जवळची बँक शाखा, बाजार समिती... कॉलेजनं पत्र द्यायचं असतं, पण माणूस तुम्हीच शोधायचा असतो.

एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी नसला तर चालतं का?

नाही. तुमचे क्रेडिट त्याच खात्यात जमा होतात. डिजिलॉकरवरून काढा. आधारवरचं नाव, जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रकाशी जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा.

वर्षाचं नियोजन कसं करायचं? अभ्यासाला कधी लागायचं?

परीक्षेपासून उलटं मोजत या. पहिलं सत्र दिवाळीच्या आसपास संपतं आणि परीक्षा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये कधीतरी पडते. दुसऱ्या सत्राची मार्च ते मेमध्ये. तारखा सरकतात, दरवर्षी सरकतात, पण लांबतील या भरवशावर राहू नका.

जून-जुलै प्रवेशात जातो. पेरणी उरकून मुलं जुलैच्या अखेरीस वर्गात दिसतात, तोवर दोन-तीन घटक शिकवून झालेले असतात. पेरणीच्या आठवड्यात सुट्टी घ्या, पण एका मित्राला वही ठेवायला सांगा आणि वर्गशिक्षकांना कळवा. ऑगस्ट हा वर्षातला सगळ्यांत मोकळा महिना. शेतात खुरपणी-फवारणीपलीकडं फार नसतं, परीक्षा लांब असते. ग्रंथालयाचं कार्ड, शिष्यवृत्तीचा अर्ज, पहिल्या दोन घटकांचा अभ्यास हे याच महिन्यात. सप्टेंबरात गणपती येतात, 17 तारखेला मुक्तिसंग्राम दिन, आणि त्याच सुमारास पहिली अंतर्गत चाचणी.

मग येते सोयाबीनची काढणी. पाऊस उघडला की तीन-चार दिवसांत काढायचं असतं, मजूर मिळत नाहीत, घरातला प्रत्येक हात लागतो. नेमका हाच काळ प्रकल्प जमा करण्याचा, दुसऱ्या चाचणीचा आणि परीक्षा फॉर्म भरण्याचा. या पंधरवड्यात अभ्यास होणार नाही असं धरूनच चाला. प्रकल्प सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लिहून ठेवा. परीक्षा फॉर्म पहिल्या आठवड्यातच भरा, नंतर विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क, आणि त्या पैशांत दोन पुस्तकं आली असती. चाचणी चुकलीच तर सरांना चाचणीच्या आधी भेटा. नंतर भेटणाऱ्याचं कारण कितीही खरं असलं तरी बहाणा वाटतं.

दुसरं सत्र लहान भासतं. संभाजीनगरला शिकणाऱ्यांनी 14 जानेवारीच्या आगेमागे विद्यापीठात काही काम ठेवू नये; नामविस्तार दिनाला (विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याचा दिवस) प्रवेशद्वारापाशी दुरून लोक येतात, कार्यालयं बंद असतात. त्या दिवशी तिथं जायचं तर काम म्हणून नाही, दिवस म्हणून जा. फेब्रुवारीत हरभऱ्याची काढणी, लग्नसराई, स्नेहसंमेलन. मार्चपासून ऊन. एप्रिल-मेमधली दुपारची परीक्षा, केंद्र दुसऱ्या गावात, पंख्याला वीज नाही, हे सगळं धरून अभ्यास पहाटे लावा.

आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जातात. मागं लहान भावंडं असतात. वर्ग कसा करू?

हा प्रश्न बीड, पाटोदा, केज, गेवराईकडची मुलं खाली मान घालून विचारतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षेचा अंदाजे काळ तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाशी बोलणी होण्याआधी घरच्यांना सांगा. 'परीक्षा झाल्यावर मी येतो' आणि 'परीक्षेला मी परत येतो' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोडीवर गेलेला मुलगा परीक्षेला परत येण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करा. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, जमातीच्या मुलांना स्वयम् आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास प्रवर्गाला सावित्रीबाई फुले आधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात. विद्यापीठ परिसरात 'कमवा व शिका' आहे. हजेरी 75 टक्के लागते, वसतिगृहालाही आणि परीक्षेलाही. ती भरणं अशक्यच असेल तर खोटी हजेरी लावून घेण्यापेक्षा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र बघा. ती पदवी तितकीच वैध आहे.

रोज एसटीनं जाऊ की खोली करू?

तासाभराच्या आत असेल तर एसटी. विद्यार्थी पासला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा. पण बस किती वाजता सुटते यापेक्षा शेवटची परत कधी येते ते विचारा. प्रात्यक्षिकं चारनंतर असतात. मुलींच्या बाबतीत बहुतेक घरांत निर्णय त्या शेवटच्या बसवरच होतो. तेव्हा प्रवेशाआधीच प्रात्यक्षिकाची बॅच सकाळची मागून घ्या.

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला होता, पैसे आलेच नाहीत.

महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या शासकीय संकेतस्थळावर) अर्ज 'सबमिट' झाला म्हणजे काम संपलं असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडं. लिपिकानं त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज मुलं महिनोन्‌महिने उघडूनच बघत नाहीत. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करा.

पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात, तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात नव्हे. पूर्वी आईबरोबर काढलेलं एखादं जुनं खातं आधारला जोडलेलं असतं आणि रक्कम तिकडं जाऊन पडते, किंवा खातं बंद असल्यानं परत जाते. बँकेत जाऊन 'आधार कोणत्या खात्याला लिंक आहे' एवढं विचारा. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. योजना निवडतानाही बघा: अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख, राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेला 8 लाख. चुकीच्या योजनेत भरलेला अर्ज रद्द करून नवा भरण्यात मुदत निघून जाते. आणि फॉर्म सायबर कॅफेवाल्यानं भरला असेल तर पासवर्ड त्याच्याकडून घ्या, मोबाइल नंबरही त्याचा नाही ना ते बघा.

एक विषय राहिला. वर्ष गेलं का?

नाही. एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं. किती विषयांपर्यंत ते तुमच्या विद्याशाखेच्या नियमात बघा. निकालावर शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती शिक्षकाला दाखवा, मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. मुदत निकालापासून मोजतात आणि ती थोडी असते.

पहिल्या वर्षापासून एमपीएससी करू का?

वाचनालयात जागा धरून बसणं म्हणजे तयारी नव्हे, हे आधी. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना देता येते, त्याआधी नाही. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे लिहिता येणाऱ्याला महत्त्व आलं. पहिली दोन वर्षं इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र वर्गात बसून नीट शिका, दर आठवड्याला एक उत्तर लिहून शिक्षकाकडून तपासून घ्या. हीच तयारी. वर्ग सोडून क्लास लावणाऱ्यांची पदवी जेमतेम होते.

रॅगिंगचा त्रास झाला तर?

1800-180-5522 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. नाव न सांगताही तक्रार होते.

गुणपत्रकावर आईचं नाव चुकलंय. नंतर करू का दुरुस्त?

आत्ताच करा, पहिल्या सत्राचं गुणपत्रक हातात आल्याच्या आठवड्यात. कॉलेजकडून अर्ज, सोबत दहावीच्या गुणपत्रकाची प्रत, परीक्षा विभागाची पावती. सहा सत्रांनंतर आलात तर सहाही गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र आणि एबीसीचं खातं असं सगळंच बदलावं लागतं, आणि त्यासाठी हिंगोलीच्या मुलाला नांदेडला खेपा घालाव्या लागतात. अर्जावर मोबाइल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या, जो दर महिन्याला सिम बदलत नाही.